धायटीची फुलं आणायला निघताय? आधी फांदीचं बघा

प्रोजेक्टसाठी धायटीच्या फुलांचा अर्क काढून त्याची अँटिऑक्सिडंट आणि जंतू मारायची ताकद तपासायची, तर पिशवी, कात्री, पाण्याची बाटली तुम्ही घ्यालच. त्याआधी जुनी वर्तमानपत्रं, दोन पुठ्ठे आणि सुतळी घ्या, कारण फांदी दाबायची आहे. पानाफुलांसकट अख्खी फांदी. मागच्या खेपेला मी गगनबावड्याच्या वाटेवर एका शेतकरीमामांना विचारून त्यांच्या बांधावरची पिशवीभर फुलं ओरबाडून आणली, फांदी एकही नाही. रिपोर्ट लिहायला बसलो तेव्हा सरांनी विचारलं, "हर्बेरियम नंबर?" म्हणजे दाबलेल्या फांदीवरून झाड ओळखून तिच्या शीटवर पडतो तो नंबर. तोवर जून लागलेला, झुडपावर नुसती पानं. पिशवीतल्या चुरगळलेल्या फुलांवरून झाड कोण ओळखून देणार? वर्ष गेलं.

म्हणून माघ-फाल्गुनात, झुडूप लालभडक असतानाच जा. राधानगरी-दाजीपूरच्या अभयारण्यात मात्र शिरू नका, तिथे परवानगीशिवाय काही तोडायचं नसतं. काष्ठौषधीच्या दुकानात वाळकी धायटी मिळते (आसवं-अरिष्टं आंबवायला लागते ना), पण ती कुठली, किती जुनी, कशात मिसळलेली, काही पत्ता नाही. शिवाय तिला फांदी नसते!

फांदी दाबताना एखादं पान उलटं ठेवा, खालच्या अंगाचे बारीक काळे ठिपके दिसले पाहिजेत. पहिले काही दिवस कागद रोज बदला, नाहीतर बुरशी धरते. गाव, तारीख, झुडपाची उंची आणि फुलाचा रंग तिथल्या तिथे वहीत लिहा. वाळल्यावर तो लाल तसा राहत नाही. मग फांदी घेऊन शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात जा. अर्क काढायच्या आधी. नंतर नव्हे, आधी.

फुलं सावलीत, पंख्याखाली वाळवा. दळायला घरचा मिक्सर अजिबात नको. त्यात कांदा-लसूण चटणी वाटलेली असते, आणि लसणातलं ॲलिसिन स्वतःच जंतू मारतं. मग प्लेटवर जंतू मेले, तर श्रेय धायटीला द्यायचं की आईच्या चटणीला?

दहा ग्रॅम पूड, 100 मिली मेथनॉल, 48 तास झाकून, अधूनमधून हलवत. गाळलेला अर्क आटवायला वॉटर बाथ आणि फ्यूम हूड. उघड्या आचेवर कधीच नाही. वाफ पेट घेते आणि विषारीही असते.

अँटिऑक्सिडंट ताकद मोजायला डीपीपीएच, हे जांभळं रसायन, अर्क चांगला असेल तर त्याचा रंग उडतो. त्याचं द्रावण त्याच दिवशी बनवा, फॉइलमध्ये गुंडाळा, अर्क घालून अंधारात 30 मिनिटं, मग स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (रंग मोजायच्या मशीनवर) 517 नॅनोमीटरला रीडिंग. इथे एक खोच आहे. धायटीचा अर्क मुळातच लालसर तपकिरी असतो. तो रंगही मशीन मोजतं, आणि चांगला अर्क कमजोर दिसतो. म्हणून प्रत्येक तीव्रतेला डीपीपीएच न घालता नुसत्या अर्काचा वेगळा ब्लँक घ्या, म्हणजे तेवढं रीडिंग वजा करता येतं. फिनॉल मोजायला फोलिन हे रसायन, तुलनेला गॅलिक ॲसिड, रीडिंग 765 नॅनोमीटरला. धायटीत टॅनिन (तेही फिनॉलच) भरपूर आहे, अर्क पातळ करूनच घाला.

जंतूंच्या प्लेटा: डीएमएसओचा (अर्क ज्यात विरघळवतो त्या नुसत्या द्रावकाचा) कंट्रोल, अँटिबायोटिकची चकती, सगळं तीन-तीनदा. बाकी तुमचे सर सांगतील.

आणि फांदीच्या शीटवर नंबर पडेपर्यंत डीपीपीएचची बाटली फोडू नका, महाग येते.