बियांपासून कळलावी कशी वाढवावी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-जांबोटीकडच्या झुडपांवर आणि शेतांच्या कुंपणांवर पावसाळ्यात चढणारी कळलावी आपल्या परसातही असावी, असे वाटताच अनेकजण कुदळ घेऊन तिचा कंद उकरायला निघतात. कृपया तसे करू नये. औषधी व्यापारासाठी कंद काढले गेल्याने ही वेल रानात विरळ होत चालली आहे. शिवाय कोंब कंदाच्या टोकालाच फुटत असल्यामुळे उकरताना टोक मोडले तर कंद वाया जातो.

आधी एक इशारा: कळलावीच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात आणि बियांत, कोल्चिसीन हे विष असते. बी हाताळल्यावर हात स्वच्छ धुवावेत आणि लहान मुले व गुरे यांच्यापासून रोपे दूर ठेवावीत.

पावसाळा सरल्यावर बोंडे पिवळसर होऊन उकलू लागली, की लाल बिया काढून वरचा गर चोळून धुवावा आणि त्या सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवाव्यात. ताजे बी सुप्तावस्थेत असते, म्हणून पेरणीची घाई करू नये; जूनमध्ये रात्रभर कोमट पाण्यात भिजवून ते बोटाच्या एका पेराइतके खोल पेरावे. तांबडी माती, वाळू आणि कुजलेले शेणखत यांचे मिश्रण चांगले. बैलहोंगलकडची काळी माती पाणी धरून ठेवते, त्यामुळे तिथे वाळूचे प्रमाण वाढवावे. उगवण अतिशय असमान होते: काही बिया तीन आठवड्यांत, तर काही दोन-तीन महिन्यांनी उगवतात, तेव्हा कुंडी रिकामी दिसली तरी ओतून देऊ नये.

पहिल्या वर्षी नाजूक दांडा आणि मोजकी पाने एवढेच दिसते, आणि पाऊस संपताच तेही पिवळे पडून वाळते. रोप मेले असे समजून पाणी घालत राहणे हीच सर्वांत घातक गोष्ट, कारण मातीखाली तयार झालेला इवलासा कंद विश्रांती घेत असतो आणि ओलाव्याने कुजतो. कुंडी उन्हाळाभर कोरडी, पावसाच्या सरींपासून आडोशाला ठेवावी. पुढच्या मृगात कोंब आपोआप वर येतो.

दुसऱ्या वर्षापासून आधार द्यावा. पानाचे टोकच लांबून तणाव्यासारखे वळते आणि बारीक काटकीला विळखा घालते, म्हणून जाड खांबापेक्षा निर्गुडीच्या वाळक्या फांद्या अधिक उपयोगी पडतात. फुले साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी येतात. बी हवे असल्यास एका वेलीचे पराग दुसऱ्या वेलीच्या फुलातील आडव्या वळलेल्या कुक्षीवर (स्त्रीकेसराच्या टोकावर) सकाळी हलकेच लावावेत, आणि बोंडे पिकेपर्यंत वेल कापू नये.