हॉटेलची चूक, भरपाई आणि परत येणारा पाहुणा: प्रबंधाचा अभ्यास कसा उभा करावा

हॉटेल मॅनेजमेंटच्या किंवा एमबीएच्या प्रबंधासाठी ‘सेवेतल्या चुका आणि ग्राहकनिष्ठा’ हा विषय दर वर्षी कुणीतरी घेतंच. साचाही ठरलेला असतो: तीस-चाळीस विधानांची प्रश्नावली, गूगल फॉर्मची लिंक, ओळखीपाळखीचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि शेवटी ‘चांगल्या सेवेने निष्ठा वाढते’ हा निष्कर्ष. एवढं कळायला प्रबंध लागत नाही. असे अभ्यास फसतात ते आकडेमोडीच्या कितीतरी आधी. कोणती चूक, किती मोठी, कधीची, हेच पक्कं केलेलं नसतं. एक जण सकाळचा चहा उशिरा आल्याचं आठवून उत्तरं भरतो, दुसरा ओव्हरबुकिंगमुळे रात्री अकराला भलत्याच हॉटेलात धाडल्याचं. या दोघांची सरासरी काढून हाती काही लागत नाही.

आधी चूक पक्की करा

चुका ढोबळमानाने दोन जातींच्या. पहिली, पैसे मोजले ती गोष्टच मिळाली नाही: खोली नाही, गिझर बंद, एसी बंद. दुसरी, गोष्ट मिळाली पण मिळण्याची रीत वाईट: काउंटरवर ताटकळत ठेवलं, उर्मट उत्तर दिलं, तीनदा फोन करावा लागला. स्मिथ, बोल्टन आणि वॅग्नर यांनी १९९९ मध्ये रेस्टॉरंट आणि हॉटेलांच्या प्रसंगांवर प्रयोग करून दाखवलं, की भरपाई चुकीच्या जातीशी आणि आकाराशी जुळणारी असावी अशी ग्राहकांची अपेक्षा असते. म्हणून दोन्ही जाती एकाच प्रश्नावलीत कालवू नका. एक निवडा, किंवा दोन्ही घेऊन मुद्दाम तुलना करा.

चुकीइतकंच तिचं कारणही महत्त्वाचं. घाटात दरड कोसळली म्हणून धुलाईचे कपडे पोहोचले नाहीत, हे पाहुणा समजून घेतो. हाउसकीपिंगला माणसंच कमी ठेवली आहेत हे कळलं, तर त्याच उशिराचा राग दुप्पट होतो; कारण ते हॉटेलच्या हातात होतं आणि पुढच्या वेळीही तसंच होणार असं वाटतं. हे दोन प्रश्न, ‘टाळता आलं असतं का’ आणि ‘पुन्हा होईल का’, प्रश्नावलीत असायलाच हवेत.

निष्ठेचं माप

ऑलिव्हर यांनी १९९९ मध्ये निष्ठेच्या चार पायऱ्या मांडल्या: पटणं, आवडणं, इरादा आणि प्रत्यक्ष कृती. प्रश्नावली फार तर इराद्यापर्यंत पोहोचते. कृती मोजायची तर हॉटेलच्या बुकिंगच्या नोंदी लागतात, आणि तिथे ठिकाण पाहावं लागतं. महाबळेश्वरला सुट्टीसाठी गेलेलं कुटुंब पुढच्या वर्षी गोव्याला किंवा तारकर्लीला जाईल. ते परत आलं नाही म्हणजे नाराजच झालं असं नाही. अशा हॉटेलात ‘इतरांना सुचवेन का’ हे माप बरं. हिंजवडीतल्या बिझनेस हॉटेलात माणूस दर महिन्याला येतो, पण बुकिंग कंपनीचा ट्रॅव्हल डेस्क करतो. डिक आणि बसू यांनी १९९४ मध्ये याला खोटी निष्ठा म्हटलं: येणं वारंवार, ओढ नाही. तिथे ‘हॉटेल तुम्ही स्वतः निवडलं का?’ हा प्रश्न पहिल्या पानावर हवा. नाही म्हणणाऱ्यांचं विश्लेषण वेगळं करा.

प्रसंग गोळा करायचे असतील तर

विषय नवा असेल, म्हणजे होमस्टे, कृषिपर्यटन किंवा धार्मिक स्थळांवरचे भक्तनिवास, तर थेट प्रश्नावलीकडे जाऊ नका. फ्लॅनगन यांनी १९५४ मध्ये मांडलेली निर्णायक प्रसंगांची पद्धत वापरा. बिटनर, बूम्स आणि टेट्रो यांनी १९९० मध्ये तीच वापरून विमानसेवा, हॉटेल आणि रेस्टॉरंटमधले ६९९ प्रसंग तपासले. असमाधानाच्या प्रसंगांपैकी सुमारे ४३ टक्के प्रसंग मुळातल्या बिघाडाला कर्मचाऱ्यांनी दिलेल्या प्रतिसादाचे होते. समाधानाच्या प्रसंगांतही अशा प्रतिसादांचा वाटा सुमारे २३ टक्के होता, म्हणजे बिघाड होऊनही माणूस खूश होऊन गेला.

विचारायचं असं: गेल्या सहा महिन्यांत हॉटेलात मन खट्टू झालं असा एक प्रसंग सांगा. कधी? काय घडलं? कर्मचारी नेमकं काय बोलला, त्याने काय केलं? तुम्ही तक्रार केली का? ‘सर्व्हिस खराब होती’ एवढ्यावर थांबू देऊ नका; शब्द आणि कृती मिळेपर्यंत विचारत राहा. मग दोघांनी वेगवेगळं बसून प्रसंगांची वर्गवारी करायची. कापा हा जुळणीचा निर्देशांक ०.७ च्या खाली आला तर वर्गांच्या व्याख्या सैल आहेत. त्या घट्ट करून सगळं पुन्हा वर्गात घाला, फक्त वादाचे प्रसंग नव्हे.

काल्पनिक प्रसंगाचा प्रयोग

पाहुण्याच्या खोलीतला गिझर मुद्दाम बंद करता येत नाही. म्हणून बहुतेक अभ्यास लिहिलेल्या प्रसंगावर चालतात, आणि वर्षभराच्या प्रबंधाला हीच पद्धत सगळ्यात परवडते. नमुना असा:

‘तुम्ही महाबळेश्वरला दोन रात्रींसाठी पूर्ण पैसे भरून खोली आरक्षित केली आहे. सोबत घरचे तिघे आहेत. चेक-इन दुपारी २ चं. तुम्ही २ वाजून १० मिनिटांनी पोहोचता. रिसेप्शनवर सांगतात, आधीच्या पाहुण्यांनी खोली उशिरा सोडली, साफसफाई चालू आहे. चावी ३ वाजून ४० मिनिटांनी मिळते.’

पुढची दोन वाक्यं बदलायची. एकात ड्युटी मॅनेजर स्वतः येऊन माफी मागतो, दुसऱ्यात रिसेप्शनिस्ट नुसती चावी देतो. एकात ‘आज रात्रीचं चौघांचं जेवण हॉटेलतर्फे’, दुसऱ्यात काहीच नाही. माफी आहे-नाही आणि जेवण आहे-नाही, अशा चार आवृत्त्या झाल्या. उशिराचं कारण मात्र चारही आवृत्त्यांत हवं. ते फक्त माफीच्या आवृत्तीत घातलं, तर फरक माफीमुळे पडला की कारण कळल्यामुळे, हे नंतर कुणालाही सांगता येणार नाही. आवृत्त्यांची लांबीही साधारण सारखी ठेवा.

मोठ्या प्रमाणावर माहिती गोळा करण्याआधी १५–२० जणांवर चाचणी घ्या. ‘ही चूक किती गंभीर वाटली?’ याला सातपैकी सरासरी दोनच्या आसपास आली तर चूक फारच किरकोळ आहे, भरपाईला काम उरत नाही. साडेसहा आली तर कुठलीच भरपाई पुरणार नाही. चार-पाचच्या दरम्यान आणा. लागलं तर दीड तासाचा उशीर कमी-जास्त करा. ‘असं खरंच घडू शकतं’ हे विधानही ठेवा. शेवटी ‘हॉटेलने काही मोफत दिलं का?’ असं विचारा. ज्यांना तेही आठवत नाही त्यांनी प्रसंग वाचलेलाच नाही. अशांना वगळण्याचा नियम मात्र माहिती गोळा करण्याआधी लिहून ठेवा.

आवृत्त्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या वाटल्या गेल्या पाहिजेत. एक फॉर्म कॉलेजच्या ग्रुपला, दुसरा सोसायटीच्या, तिसरा मामाच्या ऑफिसात, असं केलं तर मोजला जातो ग्रुपांतला फरक. कागदावर करत असाल तर प्रत्येक आवृत्तीची एकेक प्रत घेऊन छोटा गठ्ठा करा, पत्त्यांसारखा पिसा आणि वरून देत जा.

पाचवी आवृत्ती विसरू नका

चूक झाली, भरपाई उत्तम मिळाली आणि ग्राहक आधीपेक्षाही खूश झाला, याला सेवा-भरपाईचा विरोधाभास म्हणतात. मॅककॉलो आणि भारद्वाज यांनी १९९२ मध्ये हे नाव रूढ केलं. विद्यार्थ्यांना हे सिद्ध करायचा भारी मोह. चांगली भरपाई मिळालेल्यांचे गुण वाईट भरपाईवाल्यांपेक्षा जास्त आले की ‘विरोधाभास सिद्ध’ असं लिहून मोकळे होतात. ते चूक आहे. तुलना करायची ती चूकच न घडलेल्यांशी. म्हणून पाचवी आवृत्ती हवी: २ वाजून १० मिनिटांनी पोहोचता, लगेच चावी मिळते.

अपेक्षाही आवरत्या ठेवा. डे मातोस आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा हा परिणाम समाधानात दिसला. पुन्हा खरेदी करण्याच्या इराद्यात नाही, तोंडी शिफारशीतही नाही. मॅक्सहॅम आणि नेटमेयर यांनी २००२ मध्ये तेच ग्राहक काळाच्या ओघात तपासले, तर दुसऱ्यांदा चूक झाल्यावर विरोधाभास उरला नाही. तुमच्याकडे तो सापडला नाही तर अभ्यास वाया गेला असं अजिबात नाही.

किती माणसं लागतील

मध्यम परिणाम (परिणामाचा आकार सांगणारा कोहेनचा f ०.२५), ५ टक्के सार्थकता पातळी (नसलेला परिणाम दिसण्याची मुभा) आणि ८० टक्के शक्ती (असलेला परिणाम सापडण्याची शक्यता) धरली, तर चार गटांच्या प्रयोगात प्रत्येक मुख्य परिणामासाठी, म्हणजे एकट्या माफीच्या किंवा एकट्या जेवणाच्या परिणामासाठी, एकूण १२८ जण पुरतात. पाचव्या गटाशी दोन-गटांची तुलना करायची तर मध्यम फरकाला गटात ६४ लागतात. म्हणजे पाच गटांचे ३२०, आणि बाद होणारे धरून ३६०. ‘माफी असेल तर जेवणाचा उपयोग वाढतो’ असा परस्परपरिणाम हेच मुख्य गृहीतक असेल तर तो सहसा लहान असतो, f ०.१५ धरल्यास फक्त चार गटांनाच सुमारे ३५० लागतात. जी-पॉवर हे सॉफ्टवेअर फुकट आहे. आकडा स्वतः काढा, मार्गदर्शकांनी ‘२०० पुरे’ म्हटलं म्हणून नको.

प्रश्नावली

भरपाई न्याय्य वाटली का, या न्यायाचे तीन पैलू प्रत्येकी तीन विधानांनी मोजा: मिळालं ते रास्त होतं का, पद्धत आणि वेळ रास्त होती का, वागणूक कशी होती. त्यात समाधानाची तीन आणि निष्ठेची चार विधानं घाला. एकूण २५ च्या वर जाऊ नका, लोक मधलाच रकाना खाली खाली भरत जातात. ‘हॉटेलने माफी मागून तत्परतेने भरपाई दिली’ हे एक विधान नाही, तीन आहेत. इंग्रजी विधानं मराठीत आणल्यावर मूळ न पाहिलेल्या व्यक्तीकडून ती पुन्हा इंग्रजीत करून घ्या आणि दोन्ही ताडून पाहा.

हॉटेलच्या दारात

जनरल मॅनेजरची लेखी परवानगी घ्या. फॉर्म रिसेप्शनवर ठेवून कर्मचाऱ्यांना वाटायला सांगू नका. ते हसऱ्या पाहुण्यांनाच देतात. दर पाचव्या चेक-आउटला स्वतः द्या. ड्युटी मॅनेजरची लॉगबुक मिळाली तर तक्रारीची वेळ, प्रकार, निकाली निघायला लागलेली मिनिटं आणि दिलेली सवलत, एवढंच उतरवा; खोली क्रमांकाऐवजी स्वतःचा संकेतांक. लॉगबुकात फक्त बोललेल्यांची नोंद असते. गप्प राहून निघून गेलेले त्यात नाहीत, आणि निष्ठेच्या अभ्यासात तेच महत्त्वाचे.

विश्लेषणात अल्फा (एका मापाची विधानं आपसात किती जुळतात) ०.७ च्या वर, एव्हीई (विधानांतला किती फरक ते माप खरंच पकडतं) ०.५ च्या वर हे तपासा. न्यायाचे तीन पैलू आपसात फार जुळले (दोन मापं वेगळी आहेत का हे सांगणारा एचटीएमटी हा आकडा ०.९ च्या वर) तर उत्तरं देणाऱ्यांना तो फरक जाणवलेला नाही, तीन वेगळी गृहीतकं ताणत बसू नका. निष्कर्षात ‘निष्ठा वाढली’ असं न लिहिता ‘परत येण्याचा इरादा जास्त आढळला’ असं लिहा. परिशिष्टात पाचही आवृत्त्या शब्दशः, वगळलेल्यांची संख्या आणि वगळण्याचा नियम द्या; तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न बहुधा त्यावरच येतो.