बिझनेस क्लासचं लांबचं तिकीट: नॉनस्टॉप घ्यावं की मध्ये थांबा असलेलं?

आमच्या घरात विमानाची तिकिटं काढायचं काम गेली कित्येक वर्षं माझ्याकडेच आहे. दोन वर्षांपूर्वी मावशीला सिएटलला लेकीकडे जायचं होतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून आम्ही भावंडांनी मिळून तिला बिझनेस क्लासचं तिकीट काढून द्यायचं ठरवलं. मी मुंबईहून युरोपातल्या एका शहरापर्यंत नऊ तास आणि तिथून पुढे सिएटलपर्यंत दहा तास, असं तिकीट निवडलं. प्रवास बरोबर मध्यावर तुटेल, पाय मोकळे होतील, हा माझा हिशोब. मावशी उतरली ती डोळे सुजवूनच. फोनवर म्हणाली, "सीट छान होती गं, पण डोळा लागतो न लागतो तोच दिवे लागायचे."

चूक माझी होती. नऊ तासांच्या उड्डाणात सुरुवातीचे दोन तास जेवण आणि आवराआवर यात जातात. उतरायच्या आधी दीड-दोन तास पुन्हा दिवे, नाश्ता, खिडक्या उघडणं. मध्ये उरतात जेमतेम पाच तास आणि झोप लागायलाही वेळ लागतोच. हे दोनदा झालं की दोन अर्धवट डुलक्या पदरात पडतात, रात्रीची झोप पडत नाही. बिझनेस क्लासला आपण जे जादा लाख-दोन लाख मोजतो ते मुख्यतः पाठ टेकून आडवं होण्यासाठी. तेव्हापासून मी एकूण तास बघायच्या आधी सलग झोपेचे तास मोजते. पुढच्या पायऱ्या त्यातूनच ठरल्या.

पायरी 1: नॉनस्टॉप खरंच नॉनस्टॉप आहे ना, ते बघा

"डायरेक्ट" आणि "नॉनस्टॉप" हे शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो, पण ते एक नाहीत. डायरेक्ट म्हणजे उड्डाणाचा नंबर शेवटपर्यंत तोच. विमान वाटेत एखाद्या गावी उतरूही शकतं. नॉनस्टॉप म्हणजे वाटेत कुठेच उतरणार नाही असं. ट्रॅव्हल एजंट "डायरेक्ट आहे" म्हणाला की एवढंच विचारा: मध्ये कुठे टेकतं का?

आणखी एक गोष्ट. 24 एप्रिल 2025 ला पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमान कंपन्यांना बंद केली. वळसा वाढला, इंधन जास्त लागायला लागलं आणि उत्तर अमेरिकेच्या काही उड्डाणांना इंधनासाठी व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला उतरावं लागलं. म्हणून तिकीट काढायच्या आधी फ्लाइटरडार24 या साइटवर त्या उड्डाणाचा नंबर टाकून मागच्या आठवड्याभरातली प्रत्यक्ष उड्डाणं बघा. विमान किती वाजता सुटलं, किती वाजता पोचलं, कुठे उतरलं, सगळं तिथे दिसतं. कंपनीच्या वेळापत्रकापेक्षा माझा त्यावर जास्त विश्वास आहे.

पायरी 2: कागदावर घराच्या दारापासून घड्याळ मांडा

हे काम पंधरा मिनिटांचं आहे, पण ते टाळू नका. एका कागदावर आडवी रेघ ओढा, तिच्यावर भारतीय वेळेने तास लिहा आणि प्रवासाचे तुकडे पाडा: घर सोडलं, विमानतळ, उड्डाण, जेवण, झोप, उतरणं. वेळ भारतीयच ठेवा, कारण निघाल्या दिवशी शरीराचं घड्याळ कोथरूडचंच असतं. पुण्याच्या माणसाने एक्स्प्रेस वेचे तीन-चार तास आधी जोडावेत.

मुंबई–न्यूयॉर्कचं उदाहरण घेऊ. सरळ अंतर साधारण 12,500 किलोमीटर. दुबईमार्गे गेलात तर जवळपास 13,000. म्हणजे थांब्याने अंतर फारसं वाढत नाही. वेळ जातो तो उतरण्यात, तपासणीत आणि पुन्हा चढण्यात. नॉनस्टॉपला जाताना सोळा तासांच्या आसपास लागतात. विमान मध्यरात्रीनंतर सुटलं, तर हलकं काहीतरी खाऊन पहाटे साडेतीन-चारला आडवं व्हायचं आणि आठ तास सलग झोपायचं. उठल्यावरही चार तास हातात राहतात.

आता दुबई किंवा दोहामार्गे. पहिला टप्पा तीन-साडेतीन तासांचा, दुसरा चौदाच्या आसपास. झोपेसाठी दुसरा टप्पा उत्तम, तिथेही सात-आठ तास सलग मिळतात. सगळा प्रश्न ती झोप सुरू कधी होते याचा आहे. मुंबईहून पहाटे चारचं विमान पकडलं तर पहिला टप्पा झोपेविनाच जातो, मग लाउंजमध्ये बसणं, आणि दुसऱ्या विमानात डोळा लागेपर्यंत आपल्याकडचे दुपारचे बारा वाजतात. रात्रभर जागरण. तरुण माणूस हे निभावून नेतो. सत्तरीतल्या माणसाला मी ते करायला लावणार नाही.

पण तेच मुंबईहून संध्याकाळी किंवा रात्री नऊ-दहाला निघालात आणि आखातातून पुढचं उड्डाण तिथल्या पहाटे दोन-तीनचं मिळालं, तर गणित एकदम जमतं. पहिल्या टप्प्यात जेवण, लाउंजमध्ये अंघोळ आणि कपडे बदलणं, दुसऱ्या विमानात बसल्याबरोबर झोप. असं वेळापत्रक मिळालं तर थांब्याचं तिकीट नॉनस्टॉपच्या बरोबरीने उभं राहतं, असं मी मनापासून सांगेन.

थोडक्यात, थांबा घ्यायचाच तर तो एका टोकाला घ्या. तीन अधिक चौदा चालेल. नऊ अधिक दहा टाळा.

पायरी 3: थांबा कोणत्या देशात पडतो?

न्यूयॉर्कला नॉनस्टॉप मिळतं, पण सगळ्यांची मुलं न्यूयॉर्कला थोडीच असतात! ह्यूस्टन, डॅलस, सिएटलला जाणाऱ्याला एकदा विमान बदलावंच लागतं. मग प्रश्न उरतो, कुठे बदलायचं?

न्यूयॉर्क किंवा नुअर्कला बदललंत, तर अमेरिकेतल्या त्या पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन, मग पट्ट्यावरून बॅगा उचलायच्या, कस्टम्समधून न्यायच्या आणि पुन्हा जमा करायच्या. बॅगेवर शेवटच्या गावाचा टॅग असला तरी हे चुकत नाही. सोळा तासांनंतर तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा ओढणारी आई डोळ्यांसमोर आणा. वर अमेरिकेतल्या देशांतर्गत टप्प्यावर "फर्स्ट क्लास" लिहिलेलं असलं, तरी बहुतेक वेळा ती फक्त रुंद, मागे कलणारी खुर्ची असते. दुबई किंवा दोह्याला बदललंत तर बॅगा थेट शेवटच्या गावी पोचतात आणि अमेरिकेतली सगळी तपासणी तिथेच एकदा होते. अबू धाबीची सोय आणखी वेगळी: तिथे 2014 पासून अमेरिकी इमिग्रेशन विमानात चढायच्या आधीच होतं, त्यामुळे अमेरिकेत उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशासारखं सरळ बाहेर पडता येतं. मात्र त्यासाठी अबू धाबीत हाताशी वेळ जास्त ठेवा.

विदर्भातल्या वाचकांसाठी मुद्दाम लिहिते. नागपूरहून मुंबईला येऊन पकडलेलं नॉनस्टॉप तुमच्यासाठी नॉनस्टॉप नाहीच. एक विमान बदलावं लागतंच. नागपूरहून आखातात जाणारं थेट उड्डाण असेल, तर दोन्ही मार्गांवर थांबा एकच. गोव्याच्या मोप्याहून निघणाऱ्यांनाही हेच लागू.

पायरी 4: प्रत्येक टप्प्याची सीट वेगळी तपासा

तिकिटावर "बिझनेस" छापलेलं असलं म्हणजे सीट सपाट होतेच असं नाही. विमानाचा प्रकार बघा आणि एरोलोपासारख्या साइटवर सीटचा नकाशा उघडा. एका रांगेत 1-2-1 अशी मांडणी, म्हणजे दोन्ही खिडक्यांशी एकेक सीट आणि मध्ये दोन, असेल तर प्रत्येकाला पॅसेज मिळतो, कुणाला ओलांडून जावं लागत नाही. एअर इंडियाच्या ए350 मध्ये ही मांडणी आहे, सीटला दारही आहे. 2-2-2 असेल तर खिडकीजवळचा माणूस अडकतो; नवरा-बायको शेजारी असतील तर बिघडत नाही, एकट्या बाईला रात्री परक्या माणसाच्या पायांवरून जायला नको वाटतं. एमिरेट्सच्या जुन्या मांडणीच्या 777 मध्ये 2-3-2 आहे, म्हणजे मधली सीटही आहे. त्याच कंपनीच्या ए380 मध्ये 1-2-1. कंपनी एक, भाडं जवळपास सारखं आणि अनुभवात जमीन-अस्मानाचा फरक.

म्हणून निकष साधा ठेवा: जुन्या 2-3-2 मधलं नॉनस्टॉप आणि चौदा तासांच्या टप्प्यावर 1-2-1 देणारं थांब्याचं तिकीट समोर असेल, तर मी दुसरं घेते.

स्वस्त वाटणाऱ्या तिकिटावर खालचं बारीक अक्षरातलंही वाचा. कधी कधी एक टप्पा इकॉनॉमीचा असतो आणि साइट सगळ्यालाच बिझनेस म्हणते. लांबचा टप्पाच इकॉनॉमीचा निघाला, तर पैसे पाण्यात.

पायरी 5: दोन विमानांच्या मधला वेळ

दोन ते साडेतीन तास मला बरोबर वाटतात. व्हीलचेअर लागणार असेल तर तीनच्या खाली जाऊ नका. सगळे टप्पे एकाच पीएनआरवर हवेत, ही अट सोडू नका. एकाच तिकिटावर पहिलं विमान उशिरा पोचलं तर पुढच्या विमानात बसवून देणं कंपनीची जबाबदारी. वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर पुढचं विमान गेलं म्हणजे गेलं, पैसेही गेले.

युरोप किंवा लंडनमार्गे जाणार असाल तर भारतीय पासपोर्टवर ट्रान्झिट व्हिसा लागतो का, ते त्या देशाच्या अधिकृत साइटवर त्याच आठवड्यात तपासा. हे नियम बदलत असतात.

जोखीम दोन्हीकडे आहे, हेही लक्षात असू द्या. 23 जून 2025 ला कतारने आपली हवाई हद्द काही तास बंद केली आणि दोहामार्गे जाणारे प्रवासी ठिकठिकाणी अडकले. तिकीट काढताना त्या आठवड्याच्या बातम्या वाचा.

पायरी 6: भाड्यातला फरक तासांनी भागा

दोन्ही तिकिटांची करासकट रक्कम घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून इकॉनॉमीच्या वरच्या वर्गांवर जीएसटी 18 टक्के झाला आहे, म्हणून मूळ भाडं बघून तुलना करू नका. समजा नॉनस्टॉप 60,000 रुपयांनी महाग आहे आणि दारापासून दारापर्यंत पाच तास वाचतात. म्हणजे तासाला 12,000. आता कागदावरची झोप बघा. दोन्हीकडे सात-आठ तास सलग मिळत असतील, तर मी ते पैसे वाचवते आणि नातवंडांसाठी ठेवते. थांब्यामुळे झोप तुटत असेल, किंवा प्रवासी एकटा, वयस्कर, इंग्रजी न बोलणारा असेल, तर नॉनस्टॉपचे पैसे द्या. तिथे काटकसर नको.

पायरी 7: जाण्या-येण्याचा निर्णय वेगळा घ्या

अमेरिकेकडे जाताना वारा समोरून येतो, परत येताना पाठीशी. त्यामुळे तोच मार्ग येताना दीड-दोन तासांनी आखूड होतो. जाताना नॉनस्टॉप, येताना थांबा, असंही करता येतं. साइटवर "मल्टी-सिटी" वर टाकून भाडं काय येतं ते बघा. परतताना घरी विश्रांती मिळणारच असते, म्हणून थांब्याची दगदग त्या बाजूला परवडते.

तिकीट हातात आल्यावर व्हीलचेअर आणि जैन किंवा शाकाहारी जेवण निदान 48 तास आधी नोंदवा. महिन्यातून एकदा पीएनआर उघडून विमानाचा प्रकार आणि वेळ बदललेली नाही ना ते बघा. 1-2-1 च्या जागी दुसरं विमान लावलेलं मला एकदा असंच कळलं आणि तारीख बदलून घेता आली. आणि मावशीसाठी मी यंदा एक चिठ्ठी केली आहे. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा, ठळक इंग्रजी अक्षरं: झोपले असेन तर जेवणासाठी उठवू नका, उठल्यावर चहा द्या. बसल्याबरोबर ती हवाई सुंदरीच्या हातात द्यायची, एवढंच तिला सांगितलं आहे.