टेलिझूम घेताना या चुका टाळा: हलकी लेन्स की एफ/२.८?

दर थोड्या दिवसांनी कुणीतरी विचारतंच, "दादा, ७०-२०० घ्यायचीय, एफ/४ घेऊ की एफ/२.८?" ७०-२०० म्हणजे ७० ते २०० एमएमपर्यंत झूम होणारी, लांबचं जवळ आणणारी लेन्स, आणि एफ/चा आकडा म्हणजे तिचं अपर्चर, उजेड आत येण्याचं तोंड, किती उघडतं ते; आकडा लहान तितकं तोंड मोठं. मग मी उलट विचारतो, काय शूट करणार, कुठल्या उजेडात, लेन्स सलग किती तास हातात असणार. यातलं एकही उत्तर तयार नसतं पण "बेस्ट कुठली" ते मात्र लगेच हवं असतं, आणि लेन्स आली की दोन महिन्यांत ठरलेली तक्रार, एक तर फोटो हलतायत नाहीतर लेन्स घरातच पडून आहे. त्याच त्याच चुका बघून आता खरंच कंटाळा आलाय, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो.

आधी मुद्द्याचं. एफ/२.८ आणि एफ/४ यात फरक एका स्टॉपचा, म्हणजे एफ/२.८ दुप्पट उजेड आत घेते. शटर स्पीड (शटर सेकंदाचा किती भाग उघडं राहतं ते) १/२५० च्या जागी १/५०० मिळतं, किंवा आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते; आकडा चढला की फोटोत नॉईज म्हणजे दाणे येतात) ६४०० च्या जागी ३२०० वर काम भागतं. पण २०० एमएमला एफ/२.८ मिळवायचं तर उजेडाची वाट साधारण ७१ एमएम रुंद लागते, एफ/४ ला ५० पुरते, त्यामुळे पुढच्या काचा मोठ्या होतात आणि वजन तिथूनच वाढतं. डीएसएलआरच्या काळातली कॅननची ७०-२०० एफ/२.८ आयएस थ्री १४८० ग्रॅमची, आणि एफ/४ आयएस टू ७८० ची. एका स्टॉपसाठी जवळपास दुप्पट वजन. हा सौदा तुम्हाला परवडतो का, सगळा प्रश्न तिथेच आहे.

"स्टॅबिलायझेशन आहे ना, मग एफ/४ ने भागेल"

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते कारण ही मी स्वतः केलीय. एका नाचाच्या कार्यक्रमाचे फोटो काढायला गेलो होतो, हातात एफ/४, स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर भरून काढणारी सोय) चालू, आणि तेव्हा आयएसओ १६०० च्या वर जायचं म्हणजे फोटो वाया गेला असं डोक्यात पक्कं बसलेलं. स्टेजवर उजेड कमी, कॅमेऱ्याचा मीटर शटर स्पीड १/६० दाखवतोय, मी म्हटलं स्टॅबिलायझेशन सांभाळून घेईल. आणि त्याने घेतलंही! मागच्या स्क्रीनवर सगळे फोटो ठीक दिसत होते म्हणून पूर्ण दोन तास मी तसाच काढत राहिलो, एकदाही झूम करून बघितलं नाही. घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर उघडले तर मागच्या पडद्याची शिवणसुद्धा टाका न् टाका मोजता येईल इतकी स्पष्ट, आणि नाचणाऱ्या मुलीच्या हाताच्या जागी नुसता धुरासारखा पट्टा. चेहरा एक आहे पण डोळे चार आहेत असे फोटो. अख्ख्या कार्यक्रमातून हातावर मोजण्याइतके द्यायच्या लायकीचे निघाले, तेही नाच संपल्यावर ती नमस्कार करून स्थिर उभी होती तेव्हाचे. त्या मुलीच्या आईला फोन करून सांगताना काय वाटलं ते अजून आठवतं.

तर नीट समजून घ्या, स्टॅबिलायझेशन तुमचा हात थांबवतं, समोरचा माणूस थांबवत नाही. चार स्टॉप, पाच स्टॉप जे काही लेन्सच्या खोक्यावर लिहिलेलं असतं ते सगळं तुमच्या हाताच्या थरथरीबद्दल असतं. समोर पुतळा असेल, इमारत असेल, डोंगर असेल तर एफ/४ स्टॅबिलायझेशनसकट संध्याकाळीसुद्धा झकास चालते. समोर पळणारं पोर असेल तर एका स्टॉपची भरपाई कुठलंही बटण करत नाही.

आता मी काय करतो ते सांगतो, हा काही नियम नाही, माझी सवय आहे. आत गेल्यावर पहिला शटर स्पीड ठरवतो. गाणारा, बोलणारा माणूस असेल तर १/२५०, नाच असेल तर १/५००, मैदानावरचा खेळ असेल तर १/१०००. मग अपर्चर पूर्ण उघडं, आणि आयएसओ ऑटोवर सोडून देतो, जाईल तिथे जाऊ दे. नॉईज नंतर बराचसा काढता येतो, हललेला हात कुठलंच सॉफ्टवेअर नीट परत आणून देत नाही. आणि पहिल्या दहा फोटोंनंतर थांबून एक फोटो शंभर टक्के झूम करून डोळा बघायचा, हे मी आता कितीही घाई असली तरी करतोच.

त्या कार्यक्रमाचं गणित मी नंतर मांडलं. १/६० वरून १/५०० म्हणजे तीन स्टॉप, त्यामुळे एफ/४ ला आयएसओ १२८०० लागला असता, एफ/२.८ ला ६४००. खरा फरक एवढाच, आणि तो छोटा नाही. जो महिन्यातून चार वेळा अशा अंधाऱ्या हॉलमध्ये उभा राहतो त्याने एफ/२.८ घ्यावी, उगाच मनाची समजूत घालत बसू नये. पण माझे फोटो गेले ते एफ/४ मुळे नाही तर १/६० मुळे, हेही तितकंच खरं, आणि एफ/२.८ हातात असती तरी मी १/१२५ वर थांबलो असतो आणि हात तरीही हललाच असता. नवीन मुलं इथेच फसतात, शटर स्पीड शिकायला आठवडा द्यायचा नसतो आणि मोठी लेन्स आणून तो आठवडा वाचवायचा असतो. तसा तो वाचत नाही. वर्षातून दोनच कार्यक्रम करत असाल तर त्या दोन दिवसांसाठी एफ/२.८ भाड्याने आणा, त्यात कमीपणा काही नाही.

वजन कागदावर वाचायचं

दुसरी चूक याच्या बरोब्बर उलटी. एक मुलगा माझ्याबरोबर डोंगरात यायचा, हट्टाने एफ/२.८ घेतलेली, मोठी बॉडी लावून सगळं मिळून अडीच किलोच्या आसपास. पहाटे निघालो तेव्हा कॅमेरा गळ्यात, दोन तासांनी खांद्यावर, ऊन चढलं तसा बॅगेत, आणि बॅगेच्या चेनवर रेनकोट बांधलेला. दुपारी ढग जरा फाटले आणि समोरच्या एकाच कड्यावर ऊन पडलं, बाकी सगळं काळंभोर. मिनिटभरसुद्धा टिकलं नसेल. रेनकोट सोडून, चेन उघडून, हूड उलटा करून लावेपर्यंत ऊन गेलं. तो काही बोलला नाही, नुसता कड्याकडे बघत राहिला. रात्री आम्ही त्याचे दिवसभरातले फोटो बघितले तर जवळजवळ सगळे एफ/८ ला काढलेले, एकही एफ/२.८ ला नाही. म्हणजे ज्या एका स्टॉपसाठी त्याने ते सातशे ग्रॅम चढावर वाहिले तो स्टॉप त्याने वापरलाच नव्हता.

ग्रॅमचा आकडा वाचून अंगाला काही कळत नाही. दुकानात दोन मिनिटं हातात धरूनही कळत नाही, उलट तिथे जड लेन्स भारीच वाटते. माझा उपाय साधा आहे, दीड लिटरची पाण्याची बाटली काठोकाठ भरा. हे झालं जुन्या एफ/२.८ चं वजन. ती झोळीत टाकून कॅमेरा जसा एका खांद्यावर लटकवता तशी लटकवा आणि एक अख्खा दिवस हिंडा, मधूनमधून बाहेर काढून कॅमेऱ्यासारखी डोळ्यापाशी धरा, मिनिटभर. दुसऱ्या दिवशी निम्मी बाटली घेऊन तेच करा, ती झाली एफ/४. हे सांगितलं की लोक हसतात, करत कुणी नाही, पण ज्या दोघातिघांनी केलं त्यांचा निर्णय त्याच आठवड्यात झाला. दोन्ही बाजूंनी झाला हं, एकाला दीड लिटर काहीच वाटलं नाही आणि त्याने आनंदाने एफ/२.८ घेतली.

यात अजून एक गोष्ट, "एफ/२.८ म्हणजे दीड किलो" हे आता तितकंसं खरं राहिलं नाही. सोनीची पहिली ७०-२०० जीएम १४८० ग्रॅम होती, २०२१ ची जीएम टू १०४५ वर आली. कॅननची आरएफ ७०-२०० एफ/२.८ साधारण १०७० ग्रॅम. टॅमरॉनची सोनीसाठीची ७०-१८० एफ/२.८ तर ८१० ग्रॅम, म्हणजे निकॉनच्या डीएसएलआरवाल्या ७०-२०० एफ/४ पेक्षाही हलकी. पण हलकेपणाची किंमत कुठेतरी मोजावी लागतेच. त्या पहिल्या टॅमरॉनमध्ये स्टॅबिलायझेशन नाही, ते बॉडीत असलं तर ठीक, जुन्या बॉडीत नसेल तर सगळा भार तुमच्या हातावर. नंतरच्या जी टू मध्ये ते आलं आणि वजन ८५५ झालं. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचा सल्ला वाचून आज लेन्स ठरवू नका.

"एवढी एफ/२.८ घेतली, मग एफ/५.६ ला कशाला काढू?"

कारण डेप्थ, म्हणजे शार्प दिसणारी खोली, पुरत नाही म्हणून! फुल फ्रेमवर (३५ एमएम फिल्मएवढ्या सेन्सरवर) २०० एमएम, एफ/२.८, माणूस पाच मीटरवर, तर शार्प पट्टा जेमतेम दहा सेंटिमीटरचा. एफ/४ ला चौदा-पंधरा. तीन मीटरवर आलात तर एफ/२.८ ला साडेतीन सेंटिमीटर, म्हणजे चेहरा जरा तिरका असला की जवळचा डोळा शार्प आणि लांबचा गेला. तिघांचा ग्रुप असेल आणि एक जण अर्धं पाऊल मागे उभा असेल तर तो गेलाच. असे फोटो माझ्याकडे येतात आणि सोबत मेसेज, "लेन्स सॉफ्ट आहे, बदलून घेऊ का?" बाबा, आधी ट्रायपॉडवर लाव, स्टॅबिलायझेशन बंद कर, दोन सेकंदांचा टायमर लाव, भिंतीवरच्या छापील कागदाचा फोटो एफ/२.८, ४ आणि ५.६ ला काढ. तिन्हीत अक्षरं नीट दिसली तर लेन्स ठणठणीत आहे. जी काही लेन्स "खराब" म्हणून माझ्यापर्यंत आली त्यातली बहुतेक या परीक्षेत पास झाली.

आणि बॅकग्राउंड उडवायला फक्त अपर्चर लागतं असंही नाही. माणसाला भिंतीपासून चार पावलं पुढे आणा, तुम्ही २०० वर जा, एफ/४ ला सुद्धा मागचं सगळं विरघळतं.

बाकीच्या चुका पटापट सांगतो.

टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसून पल्ला वाढवणारा जोड) पुढे कधीतरी लावू म्हणून लेन्स घेता, तर तिला तो लागतो का ते आधी बघा. कॅननच्या आरएफ ७०-२०० एफ/२.८ च्या पहिल्या मॉडेलला लागतच नाही, २०२४ च्या झेड मॉडेलला लागतो. शिवाय १.४ एक्सने एक स्टॉप जातो आणि २ एक्सने दोन, म्हणजे एफ/४ वर २ एक्स लावला की एफ/८. पक्ष्यांसाठी हा जुगाड करायचा असेल तर खरं सांगतो, तुम्हाला ७०-२०० नकोच आहे, लांबची लेन्स हवी आहे.

७०-३०० एफ/४.५-५.६ सारखी लेन्स "एफ/४ च्या जवळपासच आहे" असं धरू नका. झूम करत गेलात की अपर्चर आपोआप लहान होत जातं, ३०० ला एफ/५.६, म्हणजे एफ/२.८ पेक्षा दोन स्टॉप कमी. उन्हातल्या भटकंतीला हलकी आणि छान, हॉलमध्ये नाही.

२०० लिहिलंय म्हणजे सगळीकडे २०० असं नसतं. निकॉनची २००९ ची ७०-२०० एफ/२.८ व्हीआर टू अगदी जवळ फोकस केली की साधारण १३५ सारखी दिसायची. जवळून पोर्ट्रेट काढणाऱ्यांनी हे तपासूनच घ्यावं.

क्रॉप बॉडी (लहान सेन्सरचा कॅमेरा) असेल तर ७०-२०० तुम्हाला साधारण १०५-३०० सारखी दिसणार. घरातल्या खोलीत पाठ भिंतीला लागते तरी माणूस मावत नाही, हे घ्यायच्या आधी लक्षात येऊ द्या.

दुपारच्या उन्हात लांबचं काहीतरी काढलं आणि लिबलिबीत आलं, तर ती तापलेली हवा आहे. कुठलीच लेन्स यावर उपाय नाही, सकाळी या.

पुढे स्वस्तातला प्रोटेक्शन फिल्टर लावून शार्पनेसबद्दल तक्रार करू नका. हूड लावा, तो धक्काही झेलतो.

जड लेन्सला कॉलर (लेन्सभोवतीची कडी) असते ती ट्रायपॉडसाठी आणि उचलण्यासाठीच असते, बॉडीला धरून लेन्स लोंबकळत ठेवू नका. हलक्या एफ/४ बरोबर कॉलर बऱ्याचदा येत नाही, वेगळी घ्यावी लागते.

आणि दुकानात जायच्या आधी एक रात्र द्या. गेल्या वर्षभराचे आवडलेले शंभर फोटो उघडा, प्रत्येकाचं एक्झिफ (फोटोतच नोंदलेली सेटिंग्ज) बघा, अपर्चर, शटर, आयएसओ, फोकल लेंथ (एमएमचा आकडा), वहीत चार रकाने पाडून लिहा. अपर्चरच्या रकान्यात लेन्सचा सगळ्यात छोटा आकडा आणि शेजारी आयएसओ ६४०० पुन्हा पुन्हा येत असेल तर एफ/२.८ घ्या. ५.६ आणि ८ येत असेल तर एफ/४ घेऊन मोकळे व्हा. वही भरून आलात की मग मला विचारा, दहा मिनिटांत सांगतो.