लेथवर लाकडी वाडगा कसा कातावा: नागपूरच्या हवेचा हिशेब धरून

पेंचला किंवा उमरेड-कऱ्हांडल्याला फिरून आलं की वाडग्यावर वाघ कोरायचा मोह होतो. नका कोरू. साल, गाठ, पांढरट कडेला भिडलेला तपकिरी गाभा, इतकं जंगल लाकडात आधीच असतं. लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर, कातताना ते घालवलं नाही म्हणजे झालं. नागपुरात सांभाळायची ती हवा. एप्रिल-मेमध्ये पारा 45 अंशांकडे गेला की ओलं लाकूड रातोरात तडकतं. म्हणून ओल्या लाकडाचा जाडसर कच्चा वाडगा पावसाळ्यात कातायचा आणि तो सुकल्यावर पक्का हिवाळ्यात.

लाकूड कुठलं?

पहिल्या वाडग्याला आंबा घ्या. मऊ असतो, स्वस्त मिळतो, बिघडला तरी जीव हळहळत नाही. सागात सिलिका असते, ती पटाशीची धार खाते. त्यामुळे साग हात बसल्यावर. चिंच कठीण, पण गाभ्याचा रंग बघण्यासारखा. कडुनिंबाचा वाडगा शोभेला ठेवा. बिब्बा अंगावर उठतो, कण्हेर आणि काजरा विषारी, त्यांच्या वाटेला जाऊच नका.

जंगलातून ओंडका उचलून आणायचा नाही. आरामशीनवरून घ्या आणि पावती मागा. अंगणातलं झाड आपलं असलं तरी 1975 च्या शहरी वृक्ष संरक्षण कायद्यामुळे तोडायला महापालिकेची परवानगी लागते. वादळात पडलेल्या झाडाचंही विचारूनच घ्यावं.

आरामशीनवाल्याला सांगा, ‘भाऊ, उभा चिरून द्या, मधोमधचा बिंदू काढून.’ तडा बहुतेक तिथूनच सुरू होतो. दोन्ही टोकांना लगेच मेण किंवा फेविकॉल फासा. वाडग्याला सालीची कड ठेवायची असेल तर हिवाळ्यात तुटलेलं लाकूड बघा. पावसाळ्यातली साल चटकन सुटते.

कच्चा वाडगा

आधी दुपट्टा काढून खुंटीला लावा. उन्हाळ्यात तो तोंडाला बांधायची आपल्याला सवय, पण फिरत्या लेथपाशी लोंबणारं कापड, सैल बाही, मोकळे केस, काहीच नको. पूर्ण चेहरा झाकणारी ढाल लावा आणि बटण दाबताना लाकडाच्या रेषेतून बाजूला उभे राहा.

आठ इंचांचा गोल तुकडा तोंडाच्या बाजूने फेसप्लेटवर, म्हणजे लेथच्या फिरत्या तबकडीवर, स्क्रूंनी पक्का करा. सुरुवात मिनिटाला 500 फेऱ्यांवर. लाकूड गोल होऊन हादरे थांबले की 800 ते 1000.

आता पटाशी. खोबणीची गोल पटाशी टूल रेस्टवर, म्हणजे लेथवरच्या टेकूच्या पट्टीवर, टेकवा, तिची धारेमागची उताराची बाजू आधी लाकडाला घासू द्या आणि मग मूठ सावकाश उचला. धार लाकडाला लागताच शेवयांसारखा ओला कीस हातावरून वाहायला लागतो. भुसा उडाला तर जोर लावू नका, ग्राइंडरवर पटाशीला धार लावा. बाहेरून कातताना पायाकडून काठाकडे, आतून काठाकडून मध्याकडे. उलट गेलात तर तंतू उपटले जातात. पायाशी चकच्या, म्हणजे लेथवर लाकूड पकडणाऱ्या शिकंज्याच्या, जबड्यात बसेल असा गोल उंचवटा ठेवा, वाडगा उलटा फिरवून धरा आणि आतून पोकळ करा.

कड व्यासाच्या दहाव्या भागाइतकी जाड ठेवा, म्हणजे आठ इंचांना 20 मिलीमीटरच्या आसपास. सुकताना वाडगा अंडाकृती होतो. ही जाडी त्यासाठीच.

सुकवणं

वाडगा त्याच्याच किसासकट कागदी पिशवीत भरा. पंख्याखाली नको, कूलरसमोर तर अजिबात नको. कूलर चालू-बंद होताना हवा ओली-कोरडी होते आणि लाकूड तडकतं. बुडावर पेन्सिलने वजन लिहा. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. सलग दोन-तीन आठवडे आकडा हलला नाही की सुकला समजा. घाई केली की सगळं मुसळ केरात.

पक्का वाडगा

उंचवटा पुन्हा गोल करा, चकमध्ये पकडा आणि कड 6 ते 8 मिलीमीटरवर आणा. मग 120 नंबरपासून 320 पर्यंतचा सँडपेपर, तोंडाला मास्क लावून.

तेलासाठी दूर जायला नको, विदर्भात जवस आहेच. घाणीवरचं कच्चं जवसाचं तेल पातळ लावा, पंधरा-वीस मिनिटांनी पुसा, बरेच दिवस वाळू द्या, मग पुढचा हात. हार्डवेअरच्या दुकानातलं ‘बॉईल्ड’ तेल खाण्याच्या भांड्याला नको, त्यात लवकर वाळावं म्हणून इतर द्रव्यं घालतात. पुसलेल्या चिंधीचा बोळा करून ठेवू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चिंधी आपोआप पेटू शकते. ती पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

वापरून झाला की वाडगा धुऊन लगेच पुसा, पाण्यात भिजत ठेवू नका. चिवडा, संत्री, भाकरी काहीही ठेवा. सावजी रस्सा मात्र स्टीलच्याच वाटीत वाढा. त्या तेला-तिखटाचा डाग काढायला पुन्हा लेथवरच चढावं लागतं.