परदेशातले वारकरी घेऊन दिंडीत निघताय? या चुका टाळा

आधी विमानाची तिकिटं आणि मग पंचांग, हा उलटा कारभार दर वर्षी दिसतो. आषाढी एकादशी २०२४ला १७ जुलैला होती, २०२५ला ६ जुलैला. २०२४ची तारीख धरून २०२५ला आलेला माणूस पुण्यात उतरला तेव्हा माउलींच्या, म्हणजे ज्ञानेश्वरांच्या, पालखीने नीरा ओलांडलेली होती. आळंदी संस्थानचं वेळापत्रक हातात घ्या, मुक्काम मोजा, मग बुकिंग करा.

दुसरी खोड म्हणजे "आपण आपलीच दिंडी काढू". नवा बॅनर, छापील टी-शर्ट आणि थेट पालखीच्या रथाजवळ घुसायचं! रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांचे क्रम ठरलेले आहेत, चोपदार (सोहळ्याची शिस्त सांभाळणारे) मधे शिरू देत नाहीत आणि तेच बरोबर आहे. एखाद्या जुन्या दिंडीच्या चालकांना दोन-तीन महिने आधी भेटा, माणसांचा नक्की आकडा सांगा, भिशी (दिंडीची जेवणखाण्याची वर्गणी) भरा आणि त्यांच्यात चाला.

सगळ्यात महागात पडतो तो दिवे घाट. पालखीचा पुण्यात दोन रात्री मुक्काम असतो. परदेशातून आलेले लोक त्यातल्या दुसऱ्या रात्री पोचतात आणि पहाटे थेट सासवडच्या वाटेला लागतात. तीस किलोमीटरच्या वर चाल, शेवटी घाटाची चढण, झोपेचं गणित बिघडलेलं आणि पायात नवे कोरे बूट. हडपसरलाच फोड येतात. त्यात घाट वाहनांना बंद, त्यामुळे दमलेल्याला मधूनच गाडीत बसवायची सोय नाही. एका गटाने तर मागे राहिलेल्या बॅगांसाठी सामानाचा ट्रक सकाळी आठपर्यंत पुण्यात थांबवून ठेवला. रस्ते बंद झाले, ट्रक कात्रजकडून वळसा घालत राहिला. माणसं अंधार पडता पडता सासवडला पोचली. राहुट्या आणि शेगड्या आल्या रात्री अकराला. तोवर सगळे ओल्या सतरंजीवर बसून बिस्किटं खात होते.

म्हणून ट्रक आदल्या रात्रीच पुढे काढा, बॅग राहिली तर राहिली. नवख्यांना सासवडलाच सामील करा. तिथेही दोन रात्री मुक्काम असतो, आणि पुढचे जेजुरी, वाल्हे हे टप्पे छोटे आहेत. "पण दिवे घाटाचा फोटो?" असं विचारणाऱ्याला घाट एकट्याने करू द्या.

पाणी माणशी रोज वीस लिटर धरा: पाच प्यायला आणि स्वयंपाकाला, बाकी आंघोळ-धुण्याला. शंभर माणसांना दोन हजार लिटर. टँकर मुक्कामी भरून मिळेल असं समजू नका, रांग लागते.

लोकेशन पाठवू म्हणणारे हमखास हरवतात, कारण गर्दीत नेटवर्क बसतं. प्रत्येकाच्या गळ्यात मराठीत लिहिलेलं कार्ड हवं: रथापुढे की मागे, दिंडी क्रमांक, चालकांचा फोन. मुक्कामी समाजआरतीला (सगळ्या दिंड्यांच्या एकत्र आरतीला) चोपदारांनी चोप, म्हणजे हातातला दंड, उंचावला की सगळं शांत होतं आणि हरवल्या-सापडल्याची घोषणा होते. कार्ड असेल तर माणूस तिथून परत मिळतो.

परदेशी पासपोर्टवाल्याला घरी ठेवलंत तर तो आल्यापासून चोवीस तासांत परदेशी नागरिकांच्या सरकारी नोंदणीत त्याची ऑनलाइन नोंद करा. बूट महिनाभर वापरलेले, मोजे दोन जोड.

आणि परतीचं विमान एकादशीच्या रात्रीचं काढू नका. त्या दिवशी पंढरपुरातून गाडी बाहेर काढायलाच अर्धा दिवस जातो. द्वादशीला निघा, मधे दोन दिवस मोकळे ठेवा.