‘वयखं का माले?’ आणि डोक्याला जबर मार लागलेल्या पेशंटच्या घरी होणाऱ्या इतर चुका

डिस्चार्ज मिळून पेशंट दुपारी घरी येतो आणि दिवेलागणीला ओसरीबाहेर चपलांचा ढीग पडलेला असतो. पारोळ्याचे मामा, शिरपूरची आत्या, भाऊकीतली पाच-सहा माणसं. प्रत्येकजण पेशंटच्या तोंडाजवळ तोंड नेऊन मोठ्यानं एकच विचारतो : ‘वयखं का माले? मी कोन शे, सांग बरं?’ म्हणजे, ओळखलंस का मला?

सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक ती हीच. प्रेमापोटी होते, म्हणून कोणी कोणाला टोकत नाही.

डोळे उघडणं, बोलणं आणि भान येणं हे सगळं एका दिवशी होत नसतं. जबर मारानंतर माणूस बोलू लागला तरी कित्येक दिवस, कधी आठवडे, मेंदू नवीन काही साठवून ठेवत नाही. सकाळी भेटून गेलेला काका त्याच्या लेखी दुपारपर्यंत आलेलाच नसतो. आपण कुठे आहोत, कोणता महिना चालू आहे, काय झालं होतं, यातलं काहीही त्याला पक्कं धरता येत नाही. अशा वेळी परीक्षा घेतली की दोनपैकी एक होतं. एकतर तो काहीतरी ठोकून देतो. ते खोटं बोलणं नव्हे, रिकामी जागा मेंदू आपल्या मनानं भरतो. नाहीतर तो चिडतो, नळ्या ओढतो, शिव्या देतो. मग बाहेर बातमी जाते, ‘पोरगा वेडा झाला.’

ठोकून दिलेल्या उत्तराचा आणखी एक तोटा आहे. या काळात तोंडून जे चुकीचं निघतं, तेच पुन्हा पुन्हा निघत राहतं, कारण चूक झाल्याचं लक्षात ठेवायला लागणारी स्मृतीच जागेवर नसते. म्हणून विचारायचं नाही, सांगायचं. ‘दादा, मी संजूकाका. पारोळ्याहून आलो. तू आता घरी आहेस, अमळनेरला.’ एवढं बोलून मनात दहापर्यंत आकडे मोजा. तुमचं वाक्य त्याच्यापर्यंत पोचायला तेवढा वेळ लागतो, आणि बहुतेक लोक तिसऱ्याच आकड्याला दुसरा प्रश्न टाकतात. पलंगासमोर भिंतीवर मोठ्या अक्षरांत वार, तारीख, गाव आणि ‘तुझा अपघात झाला होता, आता तू घरी आहेस’ असं लिहून लावा. तारीख रोज सकाळी त्याच्यादेखत बदला.

भेटायला एका वेळी दोघे, दहा मिनिटं, टीव्ही बंद, मोबाइल बाहेर. लोक रागावतात, रागावू द्या. दार सांभाळायला घरातला सगळ्यात तिरसट माणूस बसवावा, हे त्याचं काम आहे.

जीसीएस (शुद्ध किती आहे ते मोजणारा दवाखान्यातला आकडा) १५ म्हणजे बरा झाला?

नाही. तो आकडा ३ ते १५ मध्ये मोजतात आणि ८ किंवा त्याखाली असला तर मार गंभीर धरतात. १५ चा अर्थ एवढाच, की डोळे आपोआप उघडतात, नीट बोलतो आणि सांगितलेलं ऐकून हातपाय हलवतो. दुकान सांभाळता येईल का, हिशेब जमेल का, राग आवरेल का, हे त्या आकड्यात येत नाही.

तोंडानं भरवायची घाई

नाकात नळी घालून घरी आलेला माणूस बघवत नाही, हे खरं. पण ‘घोटभर चहानं काय होतं’ या वाक्यानं जेवढे पेशंट परत आयसीयूत गेलेत, तेवढे क्वचितच दुसऱ्या कशानं गेले असतील. एका घरची हकिकत नमुन्यादाखल पुरे. तिशीतला मुलगा, मोटारसायकलवरून पडलेला, नळीवर घरी आला. तिसऱ्या दिवशी आजीनं बशीत चहा ओतून दिला, त्यानं प्यायला. खोकला आला नाही, ठसका लागला नाही. सगळे खूष. दुसऱ्या दिवशी चहात बुडवलेलं बिस्कीट, मग वरणात कुस्करलेली बट्टी. चौथ्या रात्री ताप १०२, श्वास घरघर, ओठ काळपट. एक्सरेत उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढरा. चहा पोटात गेलाच नव्हता, श्वासनळीत उतरला होता, आणि उजवी श्वासनळी जास्त रुंद आणि सरळ असल्यानं माल बहुधा तिकडेच जातो. एकवीस दिवस पुन्हा दवाखाना, त्यात आठ दिवस व्हेंटिलेटर.

आजीला फसवलं ते न आलेल्या ठसक्यानं. मेंदूला मार बसल्यावर घशाची जाणीव बोथट होते आणि अन्न चुकीच्या वाटेनं जाऊनही माणूस खोकत नाही. तेव्हा ‘खोकला नाही म्हणजे गिळतोय’ हा नियम इथे चालत नाही. गिळण्याची तपासणी स्पीच थेरपिस्टकडून करून घ्यायची, आणि ती होईपर्यंत तोंडात थेंब नाही. तोंड मात्र दिवसातून दोन-तीनदा ओल्या कापसानं साफ करायचं. घाण तोंडातली लाळ फुप्फुसात गेली तरी तोच न्यूमोनिया होतो.

परवानगी मिळाल्यावरही पाणी सर्वांत शेवटी. पातळ पदार्थ घशातून झपकन घसरतो, सैल घशाला तो आवरत नाही. सुरुवात कुस्करलेल्या केळ्यानं किंवा गुठळी नसलेल्या दाट पेजेनं करा. केळं आपल्याकडे बाराही महिने मिळतं आणि या कामाला उत्तम आहे. वरण-बट्टी, शेवभाजीचा रस्सा, दुधात भिजवलेली पोळी हे सगळं लांब ठेवा. त्यात पाणी आणि घट्ट तुकडे एकत्र असतात, आणि सर्वांत अवघड गिळणं तेच. फरसाणाचं तर नावही नको. पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, चमच्यात अर्धा चमचा माल, आणि घास उतरल्यावर ‘आ’ म्हणायला लावा. आवाज ओला, गुळण्या केल्यासारखा आला, तर तिथेच थांबा. गालात घास साठवलाय का तेही बोट फिरवून बघा.

नळीनं भरवतानाची गफलत वेगळी. ‘डोकं उंच ठेवा’ म्हटलं की लोक खाटेच्या पायांखाली दोन-दोन विटा सारतात. त्यानं सहा फुटी खाट जेमतेम पाच अंश कलते, लागतात ३० ते ४५. मानेखाली उशा कोंबल्या तर मान मुडपते आणि पोट तसंच आडवं राहतं. साधा उपाय : कमरेपासून वर दोन फुटांची फळी घ्या आणि तिचं वरचं टोक एक फूट उचला, झाले बरोबर ३० अंश. भरवल्यानंतर तासभर तसंच ठेवायचं.

नाकपुडीशी नळीवर जो आकडा आहे, त्यावर मार्करनं खूण करा. खूण सरकलेली दिसली तर भरवू नका. नळीचं तोंड पाण्यात बुडवून बुडबुडे बघण्याची जुनी पद्धत भरवशाची नाही. एका वेळी २०० ते २५० मिली, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर. पन्नास मिलीच्या सिरिंजचा दांडा काढून, सिरिंज हातभर वर धरून, आपोआप उतरू द्यायचं, पंधरा-वीस मिनिटं लागली तरी. दांड्यानं ढकलणारे लोक घाईत असतात, आणि पाच मिनिटांत पेशंट ओकतो. आधी-नंतर ३० मिली पाणी सोडा, नाहीतर नळी चोंदते. गोळ्या एकत्र कुटू नका. एकेक, पाण्यात विरघळवून. नावापुढे एसआर लिहिलेल्या (औषध हळूहळू सोडणाऱ्या) आणि वरून आवरण असलेल्या गोळ्या तर कुटायच्याच नसतात, त्याऐवजी सिरप मागा.

मालिशवाला

लुळा पडलेला पाय तेलानं चोळून सुधारतो ही समजूत खानदेशात घट्ट आहे. मेंदूनं सोडलेला पाय तेलानं परत येत नाही. उलट महिनाभर पडून असलेल्या पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते. एका पायाची पोटरी दुसऱ्यापेक्षा जाड, गरम, दुखरी वाटली तर तिला हात लावायचा नाही, आधी डॉप्लर (शिरेतलं रक्त नीट वाहतंय का ते बघणारी सोनोग्राफी). जोरात रगडल्यानं गाठ सुटून फुप्फुसात जाऊ शकते आणि मग काही मिनिटांचा खेळ उरतो. कोपर, गुडघा, खुबा यांना जबरदस्तीनं ‘मोकळं’ करणारेही असतात. जबर मारानंतर काही पेशंटच्या सांध्याभोवती नवीन हाड धरतं. सांधा गरम, सुजलेला आणि दिवसेंदिवस जास्त आखडत चाललेला दिसला, तर ओढाताण लगेच बंद करून डॉक्टरांना दाखवा.

फिजिओथेरपिस्टनं शिकवलेले हलके व्यायाम दिवसातून दोनदा, न चुकता, दुखलं की थांबून. आणि लुळ्या हाताला धरून पेशंटला उठवू नका, खांदा निखळतो. बगलेखालून नाही, कमरेला पट्टा बांधून.

बाकीच्या चुका थोडक्यात

एअरबेड आणला म्हणून कूस बदलणं थांबवतात. बेड असला तरी दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीही. लाइट गेली की बेड बसतो हेही लक्षात ठेवा. माकडहाड, टाचा, डोक्याची मागची बाजू रोज बघा. लाल डाग बोटानं दाबल्यावर पांढरा पडत नसेल तर जखम सुरू झाली. तो चोळू नका, भोकाची गोल उशीही खाली देऊ नका.

कवटीचं हाड काढलेलं असेल (ते बऱ्याचदा पोटाच्या कातडीखाली ठेवलेलं असतं, म्हणून पोटावरची गाठ बघून घाबरू नका), तर उशाशी मोठ्या अक्षरांत लिहा : डाव्या कुशीवर नाही. किंवा उजव्या, ज्या बाजूचं हाड काढलं असेल ती. बसवताना-चालवताना डोक्यावर संरक्षक टोपी हवी.

फिटची गोळी ‘दोन महिने फिट आली नाही’ म्हणून बंद करणारा एकजण प्रत्येक गावात असतो. फिट आली नाही ती गोळीमुळे. अचानक बंद केली तर एकामागून एक फिट येऊ शकतात. ती कधी आणि किती हळूहळू कमी करायची, ते डॉक्टर ठरवतील. फिट आल्यावर कांदा हुंगवू नका, चप्पल लावू नका, तोंडात चमचा घालू नका. कुशीवर करा, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली किंवा लागोपाठ दुसरी आली तर १०८.

एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या आसपास जातो. नळीवरचा पेशंट पाणी मागू शकत नाही. लघवी गडद, जीभ कोरडी, माणूस जास्त सुस्त दिसला, तर ते ‘मेंदूचं’ समजून स्वस्थ बसू नका. पाणी कमी पडलेलं असतं किंवा रक्तातलं सोडियम बिघडलेलं असतं. दोन्ही तपासता येतात.

सुधारत असलेला माणूस महिन्या-दोन महिन्यांनी मागे येऊ लागला, चाल अडखळू लागली, कपड्यात लघवी होऊ लागली, हाड काढलेली जागा फुगून ताठ झाली, तर त्याला कंटाळा समजू नका. मेंदूत पाणी साचत असेल. सीटी स्कॅन करा.

‘आळशी झालाय, दिवसभर बसून असतो’ ही तक्रार सहसा वडिलांची. कपाळामागचा मेंदू दुखावला की काम सुरू करण्याची कळच बसते. करायची इच्छा असते, पण हात उठत नाही. ‘जा, आंघोळ करून घे’ हे त्याला डोंगराएवढं असतं. ‘उठ.’ तो उठला की ‘टॉवेल घे.’ टॉवेल घेतला की पुढचं. टोमणे मारून कळ चालू होत नाही. आणि सकाळी तासभर बरा असणारा माणूस दुपारी कोलमडतो. ती मेंदूची थकावट आहे, नाटक नव्हे. अवघड काम सकाळी, दुपारी अंधाऱ्या खोलीत झोप.

कागद उशिरा गोळा करतात. रस्त्यावरचा अपघात असेल, तर १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा ६ महिन्यांच्या आत दाखल करायचा असतो. पहिले सहा महिने घर पेशंटमध्ये गुंतलेलं असतं, म्हणून दुसऱ्याच आठवड्यात एका माणसावर हे काम टाका. एफआयआर, पंचनामा, दाखल झाल्यादिवशीचा जीसीएस लिहिलेला केसपेपर, सीटीच्या फिल्म्स, प्रत्येक औषधाचं बिल. औषधाच्या बिलांची शाई उन्हानं उडते, झेरॉक्स काढून ठेवा.

आणि गाडी. ज्याला आपल्यात काही कमी झालंय हेच उमजत नाही, त्याला तीन महिन्यांनी मोटारसायकल चालवायची असते, आणि मित्र म्हणतात, ‘गल्लीतल्या गल्लीत काय होतं.’ डॉक्टर लेखी हो म्हणेपर्यंत गाडी नाही, विहीर नाही, गच्ची नाही, कडबाकुट्टी नाही, दारू तर नाहीच, कारण दारूनं फिट येते. आंघोळ करताना कडी लावू देऊ नका. गाडीची किल्ली लपवली तर तो शोधतो, सापडत नाही म्हणून घर डोक्यावर घेतो आणि शेवटी दुसरी करून आणतो. त्यापेक्षा स्पार्क प्लग काढून ठेवा. गाडी अंगणात दिसत राहते, किल्ली त्याच्या खिशात असते, चालू मात्र होत नाही. ‘मेकॅनिक सोमवारी येतोय’ एवढं सांगितलं की भागतं, आणि सोमवारी पुन्हा तेच सांगायचं.